चाकोरी सोडू नका!



'चाकोरी' हा शब्द तुम्ही नक्की ऐकला असेल. एकाच वाटेने रोज बैलगाडी गेली की मातीत दोन खोल रेघा पडतात. चाकं त्याच रेघांतून जातात, बैलही डोळे मिटून चालू शकतात. ती चाकोरी. मोठी माणसं आपल्याला नेहमी सांगतात, "चाकोरीबाहेर जा, काहीतरी वेगळं करून दाखवा." भाषणात ते छानच वाटतं. पण आज मी तुम्हांला अशा एका जागी नेणार आहे, जिथे चाकोरी सोडणं म्हणजे एका अख्ख्या रानाच्या नाकावर पाय देणं! हो, नाकावरच. रानाला नाक कुठून आलं, ते पुढे कळेल.

ही जागा म्हणजे आपल्या दापोली तालुक्यातलं खाडीकाठचं रान. आंजर्ल्याला जोग नदी समुद्राला मिळते, केळशीला भारजा मिळते, दाभोळला वाशिष्ठी मिळते. अशा प्रत्येक खाडीत गोडं आणि खारं पाणी एकमेकांत मिसळतं. भरतीला सगळीकडे पाणीच पाणी आणि ओहोटीला गुडघाभर चिखल. या चिखलाच्या जमिनीला आपण खाजण म्हणतो. तिथे आंबा लावला तर चार दिवसांत मरेल. पण तिवर, कांदळ, चिपी, मारांडी ही झाडं तिथेच सुखाने राहतात. पुस्तकात यांना खारफुटी किंवा कांदळवन म्हणतात. आमच्याकडची माणसं सरसकट "तिवरं" म्हणून मोकळी होतात.

रानाची नाकं

ओहोटीच्या वेळी तिवराखाली वाकून पाहा. चिखलातून पेन्सिलीसारख्या हजारो काड्या वर आलेल्या दिसतील. नवख्या माणसाला वाटतं, कुणीतरी काटक्या खोचून ठेवल्यात. पण ती तिवराची मुळं आहेत! आता मुळं म्हणजे खाली जाणारी, मग ही वर का आली?

त्याचं कारण चिखलात आहे. खाजणाचा चिखल इतका बारीक आणि पाण्याने भरलेला असतो की आत हवा शिरतच नाही. थोडा उकरून पाहा, सडक्या अंड्यासारखा वास येतो. मुळांना तर श्वास घ्यायला हवा लागते. म्हणून तिवर आपली मुळं चिखलाबाहेर काढतो. त्यांवर बारीक छिद्रं असतात. ओहोटी लागली की छिद्रांतून हवा आत जाते आणि खालच्या मुळांपर्यंत पोचते. यांना श्वसनमुळं म्हणतात. चिपीची श्वसनमुळं जरा जाड, सुळक्यासारखी. कांदळाची तऱ्हाच निराळी. तो खोडापासून कमानीसारखी मुळं खाली सोडतो आणि जणू कुबड्यांवर उभा राहतो. तर मुलांनो, ही झाली रानाची नाकं.

या रानाचा उपयोग काय? कोळंबी, चिंबोऱ्या, बोय यांची पिल्लं या मुळांच्या जाळीत लपून वाढतात. मोठा मासा तिथे शिरू शकत नाही. निवट्या चिखलावर उड्या मारतात, बगळे ध्यान लावून बसतात. लाटांचा जोर मुळांत अडकून कमी होतो आणि बांध फुटायचा वाचतो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आलं होतं. पुढे अभ्यासकांनी केंद्रपाडा जिल्ह्यातल्या गावांची पाहणी केली. समुद्र आणि गाव यांच्यामध्ये जिथे कांदळवनाचा पट्टा रुंद होता, तिथे कमी माणसं दगावली, असं त्यांना आढळलं. म्हणजे हे रान नुसतं माशांचं पाळणाघर नाही, गावाचा कोटसुद्धा आहे.

तीन जून

३ जून २०२० हा दिवस दापोलीत कुणाला सांगावा लागत नाही. वटपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. करोनामुळे शाळा बंद, बाजार बंद, आणि त्यात 'निसर्ग' चक्रीवादळ! हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं होतं. वादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकत आलं आणि दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. त्या वाटेत आपला दापोली आणि मंडणगडचा किनारा सापडला.

केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड या गावांतल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. घरांचे पत्रे कागदासारखे उडाले. कौलं फुटली, विजेचे खांब वाकले, कित्येक दिवस वीज नव्हती. नारळाचं झाड लावल्यावर फळ यायला पाच-सात वर्षं जातात. म्हणून ज्यांच्या बागा गेल्या, त्यांचं नुकसान त्या एका दिवसाचं नव्हतं. पुढच्या कित्येक वर्षांचं होतं. आज इयत्ता पहिलीत असलेल्या मुलांनी ते वादळ पाहिलेलं नाही, पण त्यांच्या परसातल्या माडांचं वय विचारलं तर बरीच मुलं म्हणतात, "बाई, वादळानंतर लावलेला."

बागांची मोजदाद झाली, पंचनामे झाले. खाडीतल्या रानाचा पंचनामा कोण करणार? तिथेही चिपीची मोठमोठी झाडं मुळासकट कलंडली होती. तिवरांच्या फांद्या मोडल्या होत्या. खाऱ्या वाऱ्याने पानं भाजल्यासारखी तपकिरी झाली होती. फांद्यांना पत्रे, जाळ्यांची लक्तरं, कुणाच्या तरी ताडपत्रीचा तुकडा, असं काय काय लोंबत होतं.

चिखलातली जीप

वादळाला दहा दिवस झाले असतील. खाडीपलीकडच्या एका वाडीचा रस्ता अजून धड नव्हता. साकव खचला होता आणि पुढे झाडं आडवी पडलेली. तिथे ताडपत्र्या, तांदूळ आणि मेणबत्त्या पोचवायच्या होत्या. आमच्या शेजारच्या काकांकडे जुनी जीप होती, चारही चाकं ओढणारी. तोंडाला मास्क बांधून आम्ही तिघंजण निघालो.

चारही चाकं ओढणारी म्हणजे काय? साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. बाकीची दोन नुसती फिरत जातात. ती दोन चाकं चिखलात घसरली की गाडी तिथेच. या जीपमध्ये एक दांडा ओढला की जोर चारही चाकांना जातो. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ सालापासून, सैन्यासाठी अशा जीपगाड्या मोठ्या संख्येने तयार झाल्या. रणांगणावर डांबरी रस्ता कुठून असणार!

काकांनी निघायच्या आधी कालनिर्णय काढलं. मला वाटलं मुहूर्त बघतायत की काय! पण ते बघत होते तिथी. आपल्या कोकणात एक जुना हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. त्या दिवशी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या सुमाराला भरती, संध्याकाळी पुन्हा सहाच्या सुमाराला भरती, आणि मधोमध बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. शिवाय अष्टमीला भांगाचं पाणी, पौर्णिमा-अमावास्येसारखं उधाण नाही. "अकराला उतरायचं, एकच्या आत परत यायचं," काका म्हणाले.

खाडीच्या तोंडाशी चिखल आणि तिवरं यांच्या कडेने वाळूचा एक घट्ट पट्टा होता. पूर्वी त्यावरून बैलगाड्या जायच्या, तीच जुनी चाकोरी. काका जीप थांबवून खाली उतरले. हातात काठी, पायांत काही नाही. पट्टा संपेपर्यंत चालत गेले, काठी खुपसत परत आले. "बाई, गाडीत बसून वाट दिसत नाही, पायांनी दिसते," असं म्हणून त्यांनी चाकांतली थोडी हवा सोडली. मग कमी गिअर टाकला आणि गाडी बैलाच्या चालीने चालवली. मधे थांबणं नाही, जोरात दाबणं नाही, एकदम ब्रेक नाही. एका जागी चाक घसरून गरगरायला लागलं. मला वाटलं, आता काका जोर देणार. त्यांनी उलट पाय उचलला, जरासं मागे घेतलं आणि पुन्हा हळूच पुढे. चाक जितकं गरगरतं तितकं ते स्वतःसाठी खड्डा खणतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकच्या आत आम्ही परत आलो. वाडीत ताडपत्र्या पोचल्या. त्या दिवशी ती जीप नसती तर काय झालं असतं? डोक्यावरून एकेक बोचकं न्यावं लागलं असतं. म्हणून सांगते, जीप वाईट नाही, चाक वाईट नाही. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना हे विसरू नका.

चाक रुततं, निवटी का नाही रुतत?

आता थोडं गणित. घाबरू नका, चौथीचंच आहे.

समजा, एका मोठ्या जीपगाडीचं वजन २००० किलो आहे. चार चाकांवर वाटलं तर एका चाकावर ५०० किलो. चाक मोठं दिसतं, पण जमिनीला टेकतो तो त्याचा लहानसा तुकडा. साधारण २४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या मोठ्या वहीच्या पानाच्या अर्ध्याहून थोडासा जास्त. ५०० भागिले २४०. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर दोन किलोंहून जास्त भार.

आता तुमचं वजन २८ किलो धरू. दोन्ही पाऊलं मिळून २०० चौरस सेंटिमीटर. २८ भागिले २००, म्हणजे ०.१४ किलो. जीपचा दाब तुमच्या दाबाच्या पंधरापट झाला! निवटी तर पोट टेकवून सरपटते, तिचा दाब आणखी किती कमी असेल. काकांनी चाकातली हवा का सोडली, तेही आता कळलं असेल. हवा कमी झाली की चाक पसरतं, जास्त जागेला टेकतं आणि दाब कमी होतो. हर्णैच्या बंदरात वर्षानुवर्षं मासळी उतरवायला बैलगाड्या थेट लाटांत शिरत आल्या. त्या रुतत नसत, कारण ओहोटीची ओली वाळू दाबून घट्ट बसलेली असते आणि गाडीवान नेमकी तीच जागा निवडतो. वरच्या बाजूची कोरडी, भुसभुशीत वाळू म्हणजे फसगतच.

पण वाळू आणि खाजण यांत मोठा फरक आहे. वाळूवरची चाकोरी पुढच्या भरतीला पुसली जाते. खाजणातली चाकोरी पुसली जात नाही. पंधरापट दाबाखाली चिखल दाबला जातो, श्वसनमुळं मोडतात. मोडलेलं नाक पुन्हा फुटायला वेळ लागतो, तोवर खालची मुळं गुदमरतात. चाकांच्या खाचेत भरतीचं पाणी साचून राहतं. उन्हाने त्यातलं पाणी उडून जातं आणि मीठ मागे उरतं. दिवसेंदिवस ते वाढत जातं. अशा खारट खाचेत तिवराचं बीसुद्धा तग धरत नाही.

मोडलेलं रान उठतं कसं?

आता खरी गंमत ऐका. वादळाने मोडलेली सगळी झाडं सारखी उठत नाहीत. तिवर आणि चिपी मोठी चिवट. फांदी मोडली तरी उरलेल्या खोडातून नवे कोंभ फुटतात. २०२० च्या पावसाळ्यानंतर आमच्या खाडीतली मोडकी तिवरं अशीच हिरवी झाली. पण कांदळाचं तसं नाही. त्याचं जुनं, जाड खोड एकदा तुटलं की तिथून सहसा नवा कोंभ येत नाही. ते झाड गेलं ते गेलं.

मग कांदळ संपतो का? नाही! कांदळाने आधीच तरतूद करून ठेवलेली असते. त्याचं बी झाडावरच, फळात असतानाच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखा लांब हिरवा मोड फांदीला लोंबत राहतो. तयार झाला की टपकन खाली पडतो. ओहोटी असेल तर चिखलात उभा रुततो, भरती असेल तर तरंगत दुसरीकडे जातो आणि तिथे रुजतो. जणू आई बाळाला शिदोरी बांधून पाठवते!

मोठ्या झाडांच्या सावलीत ही रोपं खुरटलेली असतात. वादळात मोठं झाड पडलं की आभाळ उघडतं. ऊन खाली येतं आणि इतके दिवस वाट बघणारी रोपं भराभर वाढायला लागतात. म्हणजे रानात जिथे मोकळी जागा दिसते, तिथेच नवं रान जन्माला येत असतं.

आणि मुलांनो, गाडी कुठून आत शिरते? जिथे मोकळी जागा दिसते तिथूनच! दाट तिवरांत कोण गाडी घालणार? गाडीवाल्याला वाटतं, "इथे तर काहीच नाही, नुसता चिखल आहे." त्या "काहीच नाही" मध्ये वीतभर उंचीचं उद्याचं रान उभं असतं. वादळ मोठी झाडं पाडतं. चाक मात्र त्यांच्या पिल्लांवरून जातं. वादळानंतर रान उठतं, कारण पिल्लं शिल्लक असतात. पिल्लंच गेली तर?

आमच्या वर्गातलं भांडण

करोना संपला, पर्यटक पुन्हा येऊ लागले. चांगलंच झालं. पण त्यांतल्या काहीजणांना ती जुनी चाकोरी सापडली. मोठमोठ्या चाकांच्या गाड्या, आणि "चिखलातून गाडी काढून दाखवतो" अशी हौस. एक गाडी रुतली की दुसरी तिला टाळून बाजूने जाते. तिसरी आणखी बाजूने. बघता बघता दोन रेघांच्या दहा रेघा झाल्या.

गेल्या हिवाळ्यात परिसर अभ्यासाच्या तासाला मी चौथीच्या मुलांना ओहोटीच्या वेळी तिथे नेलं. बांधावर उभं राहूनच सगळं दिसत होतं. एका बाजूला वादळानंतर रुजलेले कांदळ, काही माझ्या खांद्याला लागतील इतके उंच. दुसऱ्या बाजूला चाकांच्या खाचा, आणि खाचांत एकही रोप नाही. खाचांमधल्या पाण्यावर तेलाचे रंगीत तवंग होते. मी काही बोलले नाही. मुलांनाच बोलू दिलं.

आणि मग वर्गात भांडण जुंपलं! एक मुलगा म्हणाला, "बाई, सगळ्या गाड्या बंद करा." लगेच एक मुलगी उठली. तिच्या घरी पर्यटकांच्या राहण्या-जेवण्याची सोय आहे. ती म्हणाली, "गाड्या आल्या नाहीत तर आमच्याकडे जेवायला कोण येणार? बाग तर वादळात गेली." वर्ग गप्प झाला. दुसरा एक मुलगा म्हणाला, "माझा काका ट्रॅक्टरने रुतलेल्या गाड्या ओढतो. त्याला पैसे मिळतात." त्यावर मागच्या बाकावरची एक शांत मुलगी हळूच म्हणाली, "माझे आजोबा त्या खाजणात चिंबोऱ्या पकडायचे. आता तिकडे जातच नाहीत. म्हणतात, बिळंच बुजली."

मुलांनो, यांतलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. मला तर त्या खानावळवाल्या मुलीचं फार पटलं. पाहुणे हवेतच. पण पाहुणे ज्यासाठी येतात ती खाडी, ते पक्षी, ती ताज्या मासळीची आमटी, हे सगळं त्या चिखलातूनच येतं ना? मी फळ्यावर दोनच प्रश्न लिहिले. पहिला : पुढच्या वादळात जीप कुठून न्यायची? दुसरा : जीप कुठून न्यायची नाही?

शेवटी मुलांनी मिळून ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं. जुनी बैलगाडीची चाकोरी, वाळूच्या घट्ट पट्ट्यावरची, तेवढी ठेवा. अडीनडीला ती लागेल. तिच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवा म्हणजे कुणी बाहेर जाणार नाही. पर्यटकांच्या गाड्या बांधाअलीकडे थांबवा आणि त्यांना होडीतून रान दाखवा. होडीला चाकं नसतात! बांबू रोवले गेले. दोनदा कुणीतरी ते उपटलेही. दोन्ही वेळा गावच्या लोकांनी ते पुन्हा रोवले. रुतलेली गाडी ओढणारा तो काका आता बांधावर उभा राहून लोकांना आधीच सांगतो, "पुढे नेऊ नका, मला तीन तास लागतील काढायला." सगळेच ऐकतात असं नाही. पण पुष्कळजण ऐकतात.

सातासमुद्रापार तोच उपाय

चौथीच्या मुलांनी काढलेली ही युक्ती अमेरिकेतही वापरतात बरं का! तिथे फ्लोरिडा राज्यात 'बिग सायप्रस' नावाचं दलदलीचं मोठं रान आहे. १९७४ साली ते राखीव झालं. फ्लोरिडाला वादळांची सवयच आहे, १९९२ सालचं 'अँड्र्यू' वादळ तर फार मोठं होतं. त्या दलदलीत फिरायला लोकांनी उंचच उंच चाकांच्या खास गाड्या तयार केल्या. बऱ्याच कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या ही हौस चालत आलेली. पण जो तो आपापली वाट काढायला लागला आणि रानभर चाकोऱ्यांचं जाळं झालं. जुन्या खुणा वर्षानुवर्षं पुसल्या जाईनात. मग २००० साली तिथल्या सरकारने आराखडा केला : गाड्या चालवा, पण नेमून दिलेल्या वाटांवरूनच. त्यावरून तिथेही वाद झाले. वाद होणारच. पण उत्तर तेच निघालं, चाकोरी सोडू नका.

आपल्याकडेही कायदा आहे. कांदळवनं जपायला महाराष्ट्रात २०१२ साली कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, असा निकाल दिला. आणि २०२० साली, निसर्ग वादळाच्याच वर्षी, पांढरी चिपी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरला. आंबा हा राज्यवृक्ष हे तुम्हांला पाठ असेल. आता चिपीचंही नाव पाठ करा.

किनाऱ्याच्या वाळूचंही एक सांगून ठेवते. हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, केळशीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ साली वेळासला त्यांच्या रक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हापासून गावकरी ती अंडी जपतात. नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू तुमच्या तळहातावर मावतं. त्याला समुद्राकडे जाताना चाकाची खाच लागली तर ती त्याला विहिरीएवढी! म्हणून आईबाबांनी हौसेने गाडी किनाऱ्यावर घ्यायची ठरवली, तर मागच्या सीटवरून तुम्हीच ओरडा, "बाबा, गाडी इथेच थांबवा. आपण चालत जाऊ."

करून पाहा

१. एका पसरट भांड्यात ओला चिखल घ्या. एक वीट त्यावर आडवी ठेवा, मग तीच वीट उभी ठेवा. वीट तीच, वजन तेच. कोणती जास्त रुतली? का?

२. चिखलाच्या एका अर्ध्या भागावर वीट दाबून खाच करा, दुसरा अर्धा तसाच ठेवा. दोन्हींकडे मोहरी पेरा. आठवडाभर सारखंच पाणी घाला. काय होतं ते वहीत लिहा.

३. कालनिर्णयात आजची तिथी बघा आणि भरतीची वेळ काढा. (वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायचं.) तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर जाऊन खात्री करा, पण मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. लांब राहत असाल तर कोकणातल्या मामाला विचारा!

४. तुमच्या गावात वादळात, पुरात किंवा वणव्यात मोडलेली एखादी जागा असेल. तिथे पहिल्यांदा काय उगवलं? आजी-आजोबांना विचारा आणि मला पत्राने कळवा. पत्रावर नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात आपण निवटीच्या बिळात डोकावणार आहोत. पाण्यातला हा मासा जमिनीवर श्वास कसा घेतो, विचार करून ठेवा.

तुमच्या लाडक्या
बाई